जावयावर चोर कुणी बसवायचा?

आमच्या घरी नवीन माणूस आला, की पाणी पिता पिता त्याची नजर समोरच्या कपाटावर जाते. इतर घरांत जिथे पुस्तकं किंवा मुलांची बक्षिसं मांडलेली असतात, तिथे आमच्याकडे रंगीत खोके रचलेले आहेत. "बरेच खेळ घेऊन दिलेत हो मुलीला!" पाहुणे कौतुकाने म्हणतात. "माझे नाहीत ते, बाबांचे आहेत," मुलगी सांगते. बाप पितो हे सांगावं लागणाऱ्या मुली ज्या सुरात बोलत असतील, त्या सुरात. मग पाहुणे माझ्या टकलाकडे एकवार बघतात आणि विषय डोंबिवलीतल्या खड्ड्यांकडे वळवतात.

मी बोर्ड गेम खेळतो. म्हणजे आपलं म्हणायचं तसं. प्रत्यक्षात ह्या छंदात खेळण्याचा भाग फार थोडा. बाकीचा वेळ नियमपुस्तिका वाचण्यात, पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं चढवण्यात, परदेशातली अनोळखी माणसं तेच खेळ खेळतानाचे व्हिडिओ बघण्यात आणि मुख्य म्हणजे चार माणसं जमवण्यात जातो. खेळ आहे, टेबल आहे, रविवार आहे, चिवडा आहे. माणसं नाहीत. सकाळच्या लोकलला ज्या डोंबिवलीत दारात लटकायलाही नंबर लावावा लागतो, त्याच डोंबिवलीत संध्याकाळी एका टेबलाभोवती चौघं मिळत नाहीत.

आणि समजा मिळालीच, तर खरी परीक्षा पुढेच असते. त्यांना नियम सांगावे लागतात.

आमच्या लहानपणी नियम कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. मे महिन्यात मामांच्या गिरगावच्या खोलीत दुपारभर पत्ते चालायचे. बदाम सत्ती ज्याच्याकडे त्याने उतरायचं, संपले नियम. झब्बू तर बघूनच यायचा. ज्याला अगदीच काही कळत नसे तो लिंबूटिंबू. त्याच्यावर राज्य येत नसे आणि त्याच्या भावनांचा विचारही कुणी करत नसे. 'व्यापार'च्या डब्यात नियमांचा कागद होता, पण त्याचा उपयोग हरवलेल्या पाचशेच्या नोटेऐवजी व्हायचा. त्या 'व्यापार'चं मूळ अमेरिकेत. लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली जमीनदारांच्या खेळाचं पेटंट घेतलं, ते जमिनी अडवून भाडं उकळणं किती वाईट हे लोकांना समजावं म्हणून. आम्हाला त्यातून जे समजलं ते असं, की मुंबई आधी विकत घ्यावी आणि मावसभावाला देशोधडीला लावावं. मावसभाऊ मग रडत स्वयंपाकघरात जायचा आणि उरलेले दोन तास पन्ह्याच्या कैऱ्या सोलायचा.

जर्मन लोकांना बहुधा असे मावसभाऊ बघवले नसावेत. कारण त्यांच्याकडच्या ह्या नव्या खेळांत मध्येच कुणी बाद होत नाही, सगळे शेवटपर्यंत बसून हरतात. तिकडे १९७९पासून दरवर्षी उत्तम खेळाला 'श्पील देस यारेस' हा किताब देतात, ऑक्टोबरात एसेन शहरात खेळांची मोठी जत्रा भरते. १९९५ साली हा किताब कटान ह्या खेळाला मिळाला आणि माझ्यासारख्या अनेकांच्या संसारात बिब्बा पडला. कटान रचणारे क्लाउस टॉयबर डार्मश्टाटजवळ कृत्रिम दात बनवायचे. कामावरून आले की तळघरात बसून खेळ रचायचे आणि बायको-मुलांबरोबर खेळून बघायचे. मला ह्या गृहस्थांचा हेवा वाटतो, तो त्यांच्या प्रतिभेचा नाही. बोलावल्यावर त्यांची बायको-मुलं तळघरात यायची, ह्याचा.

तर हे कटान मी भाऊबीजेला काढलं. मामेबहिणीची लग्नानंतरची पहिली दिवाळी, त्यामुळे मामा-मामी, ती आणि नवे जावईबापू असे सगळे आमच्याकडे जेवायला. जेवणं होऊन सगळ्यांना जांभया येऊ लागल्या होत्या. माझ्या मते हीच योग्य वेळ. मामा, जावईबापू, बायको आणि मी असे चौघं बसलो. आई आणि मामी सल्लागार मंडळावर.

"हे एक बेट आहे," मी सुरुवात केली.

"कुठलं?" मामांनी विचारलं.

"कुठलंच नाही. काल्पनिक आहे."

"म्हणजे जंजिऱ्यासारखं?"

इथे 'नाही' म्हणायचं असतं. मी 'हो' म्हणालो. मग मामा मुरुडहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेले होते ती हकीकत झाली, त्यात एका मास्तरांची टोपी समुद्रात पडली, ते मास्तर पुढे मामींच्या चुलत्यांचे व्याही निघाले. तोवर माझे एकोणीस षटकोनी तुकडे मांडून झाले होते. जंगलातून लाकूड, टेकड्यांतून विटा, कुरणातून मेंढ्या, शेतातून गहू, डोंगरातून खनिज, असं मी एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगत गेलो.

"मेंढ्या? मेंढीकोट आहे का हे?" मामांचा चेहरा उजळला.

"नाही, मामा. ह्या मेंढ्या लोकरीसाठी."

"मग पत्ते कशाला आहेत?"

जावईबापू सगळ्याला मान डोलावत होते. नव्या जावयाला सासरी कशालाही मान डोलवावीच लागते, त्यामुळे त्यांना कळत होतं की नव्हतं हे आजतागायत समजलेलं नाही. बायकोने हे सगळं आधी ऐकलेलं असल्यामुळे ती फराळाचे डबे कुणाकुणाकडे पोचायचे राहिलेत त्याची यादी फोनवर करत होती.

मग मी आकड्यांवर आलो. वाळवंट सोडून प्रत्येक तुकड्यावर दोनपासून बारापर्यंतचा एक आकडा असतो. दोन फाशांची बेरीज तेवढी आली की त्या तुकड्याभोवती ज्यांची घरं, त्यांना तिथला माल मिळतो. सहा आणि आठ जास्त वेळा पडतात, म्हणून ते लाल रंगात छापलेले.

मामा निरखून बघत होते. "सात कुठाय?"

सात ठेवलेलाच नाही, असं मी सांगितलं. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांत सहा वेळा सात येतो, इतर कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त. म्हणून सात पडला की माल मिळत नाही. चोर हलतो. तो ज्या तुकड्यावर बसेल तिथलं उत्पन्न बंद, आणि शिवाय बसवणाऱ्याने तिथल्या एका घरमालकाचा एक पत्ता उचलायचा.

"म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा चोराला दिलाय?"

"हो."

"खेळ जर्मन आहे म्हणालास ना?"

"हो."

"वाटत नाही," मामा म्हणाले.

मामा महापालिकेतून निवृत्त झालेले आहेत.

नियम सांगताना एक क्षण असा येतो की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर साय धरते. तो ओळखून "खेळता खेळता कळेल" असं म्हणायचं आणि फासे हातात द्यायचे. ह्या वाक्याने आजवर असंख्य डाव सुरू झाले आहेत आणि तेवढेच मोडले आहेत. कारण पुढे अर्ध्या तासाने जे व्हायचं ते होतंच. मामांनी नऊ पत्ते साठवले होते. सात पडला. सातापेक्षा जास्त पत्ते असतील तर निम्मे टाकायचे, हा नियम.

"हे तू आधी सांगितलं नाहीस!"

सांगितलं होतं. त्या वेळी मामा जंजिऱ्यात होते.

"माझ्या कष्टाचे आहेत," म्हणत त्यांनी चार पत्ते असे एकेक करून ठेवले की मामींनाही गलबलून आलं.

पण हे सगळं सोसता येतं. त्या दिवशी जी अडचण आली ती कुठल्याच नियमपुस्तिकेत नाही. जावईबापूंची घरं आठाच्या गव्हावर आणि सहाच्या खनिजावर होती. त्यांचं झपाट्याने गाव, गावाचं शहर होत चाललं होतं. जगातल्या कुठल्याही टेबलावर अशा वेळी चोर कुठे बसवायचा हा प्रश्नच नसतो. बायकोने सात टाकला, चोराची काळी सोंगटी उचलली, आठाच्या गव्हापर्यंत नेली आणि तिथे तिचा हात थांबला. मामी बघत होत्या. आई बघत होती. पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयाच्या शेतात चोर? सोंगटी टेबलावरून एक वळसा घेऊन माझ्या मेंढ्यांवर उतरली.

पुढचा सात मामांचा. त्यांनी चोर उचलून वाळवंटात नेला. तिथे काहीच पिकत नाही, कुणाचं नुकसान नाही, तेवढाच एक सभ्य तुकडा. त्यापुढचा सात खुद्द जावईबापूंचा, त्यांनी संकोचून इकडेतिकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "टाका हो ह्याच्यावर, घरचाच आहे." संध्याकाळभर चोर वाळवंट आणि माझं कुरण ह्या दोनच स्थानकांच्या दरम्यान ये-जा करत राहिला.

मध्येच जावईबापूंना वीट हवी होती. माझ्याकडे दोन होत्या. मी बदल्यात मेंढी मागितली, तर आईचा आवाज चढला. "देऊन टाक की! बदल्यात काय मागतोस?"

"आई, नियम आहे. फुकट देता येत नाही."

"कसला मेला नियम! सणाला घरी आलेल्या माणसाकडून मेंढी घ्यायची?"

दहा गुण होताच जावईबापू जिंकले. "हुशार आहेत हो," मामी म्हणाल्या. त्यांना निघताना चिवड्याचा डबाही मिळाला.

त्यानंतर कटान काही काळ वर ठेवलं आणि जिथे कुणाचं काही लुबाडायचं नाही असा खेळ काढला. आग्रिकोला, उवे रोझेनबर्ग ह्यांचा, २००७ सालचा. आपण सतराव्या शतकातलं एक शेतकरी जोडपं, घर लाकडी, दोन खोल्यांचं. चौदा फेऱ्यांत नांगरायचं, पेरायचं, कुंपणं घालायची, गुरं पाळायची. मध्ये मध्ये सुगी येते आणि तेव्हा घरातल्या प्रत्येक माणसाला जेवू घालावं लागतं. अन्न कमी पडलं की भीक मागितल्याचं कार्ड गळ्यात, त्याचे तीन गुण वजा. ह्यात भांडण होणार नाही अशी माझी खात्री होती.

मामांचा पहिला आक्षेप दोन खोल्यांना. "सुरुवातीलाच दोन?" दुसरा आक्षेप त्यांना माणूस वाढवायचा होता तेव्हा आला. ह्या खेळात मूल हवं असेल तर आधी जास्तीची खोली बांधावी लागते. हे ऐकल्यावर मामांनी चष्मा काढून ठेवला. गिरगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत ते सहा भावंडं वाढले, वर गावाहून शिकायला आलेला एक भाचा, पाळण्याची दोरी आजोबांच्या पायाला बांधलेली. "खोलीसाठी थांबले असते तर मी आणि तुझी आई जन्मलोच नसतो, आणि तू हा खेळ घेऊन इथे बसला नसतास." मी त्यांना पुस्तिकेतली पुढची ओळ वाचून दाखवली: शेवटच्या काही फेऱ्यांत खोलीशिवायही मूल होऊ देण्याची सोय आहे. तेव्हा कुठे ते निवळले. "कुणीतरी चाळीतला माणूस असणार त्यांच्यात," म्हणाले.

आईचं निराळं. तिला गुणांशी घेणंदेणं नव्हतं, ती फक्त सुगीवर डोळा ठेवून होती. "खायला तोंडं तीन, घरात एक भाजी नाही आणि तू कुंपण कसलं घालत बसलायस?" खेळ म्हणून तिचं हे धोरण अत्यंत बरोबर होतं. ती पटावर कधी बसली नाही, पण तिच्याइतका चांगला आग्रिकोला समजलेला माणूस मी पाहिलेला नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र बोलवायला नको होतं असं बायकोचं मत आहे. त्यांच्यासाठी काढलेला मॅट लीकॉक ह्यांचा 'पँडेमिक' हा खेळ २००८चा, म्हणजे करोनाच्या कितीतरी आधीचा. सगळ्यांनी एका बाजूने खेळून चार रोगांच्या साथी आवरायच्या. पटावर आपली मुंबईपण आहे. कुणी एकटा जिंकत नाही, म्हटलं वयस्कर माणसाला बरं. सेक्रेटरींनी दुसऱ्याच फेरीत पट आपल्याकडे फिरवून घेतला. "तुम्ही कोलकात्याला जा. वहिनी, तुम्ही चेन्नईला. मध्ये कुणी बोलायचं नाही." आमच्या सोंगट्या तेच हलवू लागले. सगळे अटलांटाहून निघतात, कारण पहिलं संशोधन केंद्र तिथे असतं, हे कळल्यावर त्यांनी हरकत नोंदवली. "अटलांटा का? आपली पुण्याची विषाणू संस्था, एनआयव्ही, काय वाईट आहे?" मुद्दा बिनतोड होता. त्यावर इतकी चर्चा झाली की तोवर लाल साथ सगळ्या पूर्व आशियात पसरली आणि आम्ही हरलो. सेक्रेटरींच्या मते सभासदांच्या असहकारामुळे.

घरची माणसं मिळेनात तेव्हा मी शहाण्या माणसांत जाऊन खेळायचं ठरवलं. ठाण्यात एका कॅफेत रविवारी ही मंडळी जमतात. सगळी पंचविशीतली, संगणकवाली, दाढीवाली. तिथे नियम सांगावे लागत नाहीत, जंजिरा निघत नाही, चोर कुणावरही बसतो. स्वर्गच की! पण तिथले लोक विचार करतात. माझ्या शेजारचा मुलगा एकेका चालीला इतका वेळ घ्यायचा की माझी कॉफी येऊन, गार होऊन, वर साय धरून व्हायची. आणि मी चाल केली रे केली, की सगळे एकमेकांकडे बघायचे. "काका, नक्की ना? असं केलंत तर पुढच्या फेरीत तुमचे चार पॉइंट जातील. नाही, चालेल, तुम्ही एन्जॉय करा." आयुष्यभर इतरांना लिंबूटिंबू ठेवलं, त्याची ही फेड.

मग उरतं ते नुसतं लक्ष ठेवणं. ह्या छंदाची पंढरी म्हणजे बोर्डगेमगीक ही २००० साली निघालेली वेबसाइट. तिथे जगातल्या खेळांची क्रमवारी चालते, वर प्रत्येक खेळ डोक्याला किती जड ते एक ते पाचात मोजलेलं. बरीच वर्षं तिथे 'ग्लूमहेवन' पहिला होता. त्याचा खोका जवळपास दहा किलोंचा. माझा आला तेव्हा लिफ्ट बंद होती आणि कुरिअरवाल्याने तो खाली वॉचमनकडेच टेकवला. वॉचमनने चौथ्या मजल्यापर्यंत मदत केली आणि वर आल्यावर विचारलं, "साहेब, मिक्सर आहे?" मी हो म्हणालो. २०२३ साली त्याला खाली ढकलून 'ब्रास: बर्मिंगहॅम' पहिल्या जागी आला. औद्योगिक क्रांतीच्या काळातलं इंग्लंड, आधी कालवे, मग रेल्वे, कोळसा, लोखंड. तो अर्थात माझ्याकडे आधीपासून होता, कव्हरातून न काढलेला. त्यातली गंमत अशी, की कारखान्यातला माल विकायला बिअर लागते. आईला हे पटेना. "माल विकायला बिअर?" मामा म्हणाले, "अक्का, तुला धंद्यातलं काय कळतंय?"

पत्त्यांच्या कव्हरांबद्दल घरात बोलायची बंदी आहे. ६३.५ बाय ८८ मिलिमीटर, शंभराचा गठ्ठा. पावसाळ्यात डोंबिवलीत खोक्याच्या आत बुरशी शिरते, तेव्हा प्रत्येक पत्त्याला कव्हर आणि प्रत्येक खोक्यात नव्या चपलांच्या डब्यातून जमवलेली सिलिका जेलची पुडी, हे ओघानेच आलं. "रेशनकार्डाला आजवर कव्हर घातलं नाहीस," एवढंच बायको म्हणते, पण दर पावसाळ्यात म्हणते. शिवाय अजून न बनलेल्या खेळांना आगाऊ पैसे देणं असतं. पैसे गेले की दर महिन्याला ईमेल येतं: पुठ्ठा आणखी जाड केला आहे. जहाजात माल चढला आहे. जहाज निघालं आहे. मग एके दिवशी कस्टमवाल्यांचा फोन येतो आणि 'ह्यात नक्की काय आहे' ह्या प्रश्नाला मी पुन्हा मिक्सर म्हणू शकत नाही.

अधिक महिना आला, तेव्हा मामांकडे धोंड्याचं जेवण होतं. पुरणाचे धोंडे, चांदीच्या ताटलीत तेहतीस अनारसे, वर दिवा, जावईबापूंना कपडे. सगळं यथासांग झाल्यावर मामाच म्हणाले, "ते मेंढ्यांचं आणलंयस का?" आणलं होतं. गाडीच्या डिकीत ते कायम असतं.

डाव भाऊबीजेसारखाच रंगला. जावईबापू आठाच्या गव्हावर, बाकीचे संकोचात, मी चोरासकट. मामांनी फासे टाकले. चार आणि तीन. मी सवयीने माझ्या कुरणावरचे हात बाजूला घेतले. मामांनी काळी सोंगटी उचलली, अंगठ्याने जरा पुसली आणि जावयाच्या गव्हावर ठेवली.

"अहो!" मामी किंचाळल्या.

"काय अहो? वाण दिलंय. तेहतीस अनारसे मोजून दिलेत. फिटला सगळा हिशेब." असं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि जावयाच्या हातातला एक पत्ता ओढला. मेंढी निघाली.

लग्न झाल्यापासून त्या घरात जावईबापूंना सारखं काहीतरी दिलंच गेलं होतं. काढून घेतलं जाण्याची ही पहिलीच वेळ. ते आधी पत्त्यांकडे, मग मामांकडे बघत राहिले, मग मांडी बदलून पुढे सरकून बसले. दोन फेऱ्यांनी मामांना रस्त्यासाठी वीट कमी पडली. लाकूड होतं, वीट नव्हती. विटा सगळ्या समोर.

"अरे, एक वीट दे की."

'जावईबापू'वरून थेट 'अरे'. मामींनी कपाळाला हात लावला.

"तीन मेंढ्या पडतील," जावई म्हणाला.

"तीन? लूट आहे ही!"

"मग राहू दे."

मामा पत्ते मोजू लागले. एवढ्यात आतून, अनारशांचा डबा भरता भरता, आईचा आवाज आला. "दोनाच्या वर जाऊ नकोस रे! त्याला गरज आहे मेंढ्यांची, मघाशी मी बघून आलेय."